झेंडरचा बेस उशिरा ऐकू आला

जमिरोक्वाय या ब्रिटिश ॲसिड जाझ (जाझ आणि नाचाच्या फंक संगीताचे मिश्रण) गटाचा 'ट्रॅव्हलिंग विदाउट मूव्हिंग' हा तिसरा अल्बम १९९६ च्या सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झाला. माझ्या हाती त्याची कॅसेट त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आली. सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या घराला लागूनच यंत्रमागाचा कारखाना होता, आणि धोट्याच्या खटखटीत गाणे ऐकणे अशक्यच असल्यामुळे, वीज जाऊन माग थांबले की मी सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर घेऊन ओट्यावर बसत असे. त्या लहानशा स्पीकरमधून गायक जे के यांचा आवाज आणि टोबी स्मिथ यांचा पियानो तेवढा ऐकू येई.

पुढे चांगला हेडफोन मिळाला, तेव्हा हा अल्बम आपण अर्धाच ऐकला होता, हे माझ्या ध्यानात आले. गटातील स्टुअर्ट झेंडर यांचा बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, येथे केवळ गाण्याला आधार देत नाही. तो गायकाच्या ओळी संपतात तेथे स्वतःचे बोलणे सुरू करतो, आणि डेरिक मॅकेन्झी यांच्या ड्रमच्या ठोक्याला किंचित रेलून, पण कधीही न अडखळता पुढे सरकतो. 'अलराइट' हे गाणे यासाठी मी आजही पुन्हा पुन्हा लावतो. वॉलिस बुकॅनन यांच्या डिजेरिडूचे (ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या लांब फुंकवाद्याचे) दोन वाद्यतुकडे मात्र मला अल्बमच्या ओघात थोडे लांबलेले वाटतात.

या अल्बमचे स्वागत मोठे झाले. ब्रिटनच्या यादीत तो दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, सर्वाधिक विकला गेलेला फंक अल्बम म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद झाली, आणि 'व्हर्च्युअल इनसॅनिटी'ला १९९८ मध्ये ग्रॅमी मिळाले. त्याआधी, १९९७ मध्ये, जोनाथन ग्लेझर यांनी दिग्दर्शित केलेल्या त्याच गाण्याच्या व्हिडिओने एमटीव्ही या संगीतवाहिनीचे चार पुरस्कार मिळवले होते. त्यात जे के यांच्या पायाखालची जमीन सरकते असे वाटते. प्रत्यक्षात जमीन स्थिर असून खोलीच्या भिंतीच हलवलेल्या आहेत. अल्बमच्या नावाचा, म्हणजे जागचे न हलता केलेल्या प्रवासाचा, याहून चांगला अर्थ क्वचितच कोणी दाखवला असता.

परंतु त्या व्हिडिओने अल्बमवर थोडा अन्यायही केला, असे मला वाटते. लोकांच्या लक्षात जे के यांची मोठी टोपी आणि सरकणारी खोली राहिली. जे के यांचे गाणे अमेरिकन गायक स्टीव्ही वंडर यांच्या वळणाचे आहे, हा समीक्षकांचा आक्षेप पहिल्या अल्बमपासूनचा. गळ्यापुरता तो मला मान्य आहे. वाद्यांना मात्र तो लागू पडत नाही, कारण या अल्बममध्ये डिस्को, रेगे आणि फंक यांना एकत्र बांधून ठेवण्याचे काम झेंडर यांच्या चार तारा करतात. चौथ्या अल्बमचे काम चालू असतानाच त्यांनी गट सोडला. त्यानंतरच्या जमिरोक्वायमध्येही गोडवा आहे, पण गाणे थांबल्यावर बेसची ओळ मनात घोळत राहावी, तसे माझ्या बाबतीत पुन्हा घडले नाही.