ऑस्करचे अंदाज

आज संध्याकाळी जळगावात मित्राच्या गच्चीवर ऑस्करचे अंदाज बांधायला बसलो. ताटात शेवभाजी, कागदावर दहा नावं, कागदावर रश्श्याचे डाग. ‘भो, अमेरिकेतल्या दिग्दर्शकांच्या संघटनेनं निवडला तोच पिक्चर नेणार!’ एक जण ठासून सांगत होता. दिग्दर्शनापुरतं ते बहुतेकदा खरं ठरतं. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं गणित मात्र निराळं. तिथे मतदार पसंतीक्रम लावतात. तळाचा चित्रपट बाद होतो, त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात, कुणी निम्म्याच्या वर जाईपर्यंत. २०२० मध्ये दिग्दर्शक आणि निर्माते, दोन्ही संघटनांनी ‘१९१७’ हा सिनेमा निवडला होता. ऑस्कर ‘पॅरासाइट’नं नेला. इंग्रजी नसलेला पहिलाच! आजही आठवलं की ऊर भरून येतो. म्हणून मी बहुतेकांना दुसरा-तिसरा तरी आवडेल असाच सिनेमा धरलाय. सोमवारी पहाटे सगळे माझ्याकडे या, चहा तयार असेल.