तुम्ही विचारलंत म्हणून: म्हातारपणी नाशिक बरं ना?

मुंबईतले मित्र, चुलतभाऊ, ऑफिसमधले लोक, सगळे हेच विचारतात की आईवडिलांसाठी नाशिकला फ्लॅट बघतोय, हवा चांगली आहे, म्हातारपणी बरं ना? हवा चांगली आहेच, त्यात वाद नाही. पण माझे बाबा 79 चे आहेत, इंदिरानगरला आमच्याबरोबर राहतात, आणि त्यांच्यासोबत चालून चालून मला कळलंय की म्हाताऱ्या माणसाचं शहर म्हणजे घराच्या गेटपासून अर्धा किलोमीटर, बस.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी फूटपाथ आहे तरी बाबा रस्त्यावरून चालायचे, मी ओरडायचो. एकदा टेप घेऊन मोजलं तर फूटपाथ 27 सेंटिमीटर उंच! रस्त्यांचे निकष ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस म्हणते 15 च्या वर नको. गुडघे धरलेल्या माणसानं दर गेटपाशी उतरायचं आणि परत चढायचं कसं? त्या दिवसापासून ओरडणं बंद केलं.

सिग्नलचंही तेच. माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असं साधारण धरतात, म्हणजे 18 मीटरच्या रस्त्याला 15 सेकंद. बाबा 0.8 नं चालतात, त्यांना 22-23 लागतात, मग ते मधेच डिव्हायडरला धरून उभे आणि दोन्हीकडून गाड्या, माझ्या पोटात गोळा येतो.

पण सगळ्यात वाईट वाटलं ते गोळीचं. बाबांना बीपीसाठी लघवी होणारी गोळी आहे. बँकेत जायचं असलं की त्या दिवशी ते ती घ्यायचेच नाहीत, कारण वाटेत कुठे जायला जागा नाही. कितीतरी महिने आम्हाला पत्ता नव्हता, डॉक्टरांना वाटायचं डोस कमी पडतोय. आई होती तेव्हा ती तर बाहेर पडायच्या आधी पाणीच प्यायची नाही.

2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं 33 शहरांमधल्या ज्येष्ठांना विचारून एक मार्गदर्शिका काढली, त्यात आपली दिल्ली आणि उदयपूरही होती. लोकांनी पुन्हा पुन्हा काय सांगितलं, तर बसायला बाक, स्वच्छ संडास, नीट फूटपाथ. आपल्याकडे 2022 पासून 75 च्या पुढे एसटी फुकट आहे, बाबा केवढे खूश झाले होते, पण स्टँडपर्यंत एकट्यानं पोचणार कसे? 2027 च्या सिंहस्थाच्या निमित्तानं रस्त्यांची कामं होतील तेव्हा उंची आणि बाक तेवढे बघा हो कुणीतरी, त्याला वेगळा निधी लागत नाही.

तर या, जरूर या. पण फ्लॅट फायनल करायच्या आधी आईवडिलांना घेऊन दूध आणि औषधं आणायला चालत जाऊन बघा, त्यांच्या स्पीडनं. आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं दुकानाबाहेर एक प्लास्टिकची खुर्ची ठेवलीये, बाबा तिथे पाच मिनिटं टेकतात आणि मग पुढे बागेपर्यंत जातात. खुर्ची नव्हती तेव्हा तिथूनच परत फिरायचे.