अंगावरून पांढरे जाते, म्हणून काय झाले?

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत पांढरे जाण्याची तक्रार केली, की थोरल्या बायका तांदळाचे धुवण प्यायला सांगतात आणि तेवढ्याने भागले नाही, तर मेडिकलमधून कागदात गुंडाळलेली एक ट्यूब गुपचूप घरी येते. ती ट्यूब बहुधा बुरशीवरची असते. बुरशीच्या संसर्गात स्राव दह्यासारखा घट्ट असतो आणि खाज असह्य होते. परंतु मूल होण्याच्या वयातील स्त्रियांमध्ये योनीच्या तक्रारींमागे ज्याचा हात सर्वाधिक आढळतो, तो बॅक्टेरियल व्हजायनोसिस जीवाणूंमुळे होतो, त्यात स्राव पातळ व करडा येतो, मासळीसारखा वास येतो, आणि बुरशीच्या मलमाने त्याला काहीही होत नाही. अनेकींना तर कसलाच त्रास जाणवत नाही.

निरोगी अवस्थेत लॅक्टोबॅसिलस हे जीवाणू लॅक्टिक आम्ल तयार करून योनीचा पीएच, म्हणजे आम्लतेचे माप, साधारण ४.५ च्या खाली ठेवतात (आकडा जितका कमी, तितके आम्ल अधिक). ते घटले, की गार्डनरेलासारखे जीवाणू माजतात. डेटॉलच्या किंवा तुरटीच्या पाण्याने आतून धुण्याची जी सवय आपल्याकडे स्वच्छतेच्या नावाखाली जपली जाते, ती हे संरक्षणच धुऊन काढते.

हा संसर्ग कधीकधी आपोआप बरा होतो, हे खरे. तो रेंगाळला, तर मात्र एचआयव्ही, क्लॅमिडिया आणि गोनोरिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगांची लागण होण्याचा धोका वाढतो, आणि जंतू वर चढून गर्भाशय व गर्भनलिकांना सूज येण्याची शक्यताही वाढते. गरोदरपणात त्याचा संबंध दिवस भरण्याआधी होणाऱ्या बाळंतपणाशी व कमी वजनाच्या बाळाशी आढळला आहे. माझ्या जाऊबाईंची पिशवी काढायची ठरली, तेव्हा डॉक्टरांनी आधी या संसर्गावरच्या मेट्रोनिडॅझोलच्या सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. जाऊबाईंना तो वेळकाढूपणा वाटला. वास्तविक हा संसर्ग असताना अशी शस्त्रक्रिया केली, तर टाक्यांच्या जागी जंतुसंसर्ग होण्याची भीती अधिक असते.

निदान फारसे खर्चिक नाही. स्रावाचा थेंब कागदी पट्टीवर लावून पीएच पाहतात, दुसऱ्या थेंबावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकताच तो वास भपकन येतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली कडा जीवाणूंनी झाकलेल्या पेशी दिसतात. औषधाने बरे वाटले, तरी निम्म्याहून अधिक स्त्रियांना वर्षभरात पुन्हा त्रास होतो. यावर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात जोडीदारालाही गोळ्या व मलम दिल्यावर संसर्ग परतण्याचे प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आले, म्हणून वारंवार त्रास होणाऱ्या विवाहितेने नवऱ्याच्या उपचाराविषयीही डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, मग घरात कोणाचे नाक कितीही मुरडो.

सीपीआर या आमच्या सरकारी रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात केसपेपर काढून दाखवता येते. जाताना पाळीचे दिवस टाळावेत आणि आदल्या दिवशी आतून काही धुऊ अथवा लावू नये, नाहीतर तपासायला धड नमुनाच मिळत नाही.