तुम्ही विचारलेत म्हणून: पिशवी का ठेवली?

"दोन मुले झाली, मग पिशवी काढून का टाकली नाहीस?" हा प्रश्न मला सासरच्या लग्नकार्यांत, इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीत आणि शाळेच्या स्टाफरूममध्ये इतक्या जणींनी विचारला आहे की, आता एकदाच नीट लिहून टाकते. माझे अंग बाहेर येत होते, म्हणजे गर्भपिशवी जागेवरून खाली उतरली होती. हे दुखणे काय असते, ते विचारणाऱ्या बहुतेकींना ठाऊक आहे. काहींना तर स्वतःच्याच शरीरावरून.

दोष पिशवीत नव्हता. धाकट्याच्या बाळंतपणात बाळ बाहेर काढायला चिमटा लावावा लागला, आणि ओटीपोटाचा तळ सावरणारे स्नायू व पिशवीला वर धरून ठेवणारे बंध तेव्हाच दुखावले. आधार सुटला म्हणून ती खाली आली. ती काढली तरी आधार नव्याने बांधावाच लागतो, आणि तो टिकला नाही तर पिशवी नसतानाही योनिमार्गाचा वरचा भाग खाली उतरतो. हे काही माझे खूळ नव्हे, मुंबईच्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर आणि डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी पिशवी राखून ती वर बांधण्याच्या शस्त्रक्रिया गेल्या शतकातच रूढ केल्या.

अर्थात, हे सारे मला नंतर कळले. निर्णय झाला तो एका रुग्णालयात, शस्त्रक्रियेच्या सकाळी. हाताला सलाईन लावलेले होते, अंगावर मागून बांधायचा गाऊन होता आणि सिस्टरने संमतीपत्र पुढे केले. त्यावर नवऱ्याची सही आधीच झालेली होती. मी वाचू लागले तशा त्या म्हणाल्या, "ताई, फक्त सही करा, डॉक्टर थांबल्यात." माझ्याशी बोलणे झाले होते ते योनिमार्गाची पुढची भिंत शिवण्याचे, कारण मूत्राशय तिथून उतरले होते; कागदावर मात्र निळ्या शाईने पिशवी काढण्याचेही लिहिलेले होते. डॉक्टर आल्या आणि माझ्याऐवजी सासूबाईंना म्हणाल्या, "फॅमिली कंप्लीट आहे ना? मग ठेवून काय करायचंय?" सासूबाईंनी मान हलवली. मी विचारले, "काढली म्हणजे पुन्हा काही उतरणार नाही ना?" त्यावर उत्तर मिळाले, "एवढ्या शंका असतील तर नंतर या." मी सलाईन काढायला लावले. कपडे बदलताना हात इतके थरथरत होते की सलवारीची नाडी बांधता येईना. ती सासूबाईंनी न बोलता बांधून दिली. रिक्षात नवरा म्हणाला, "सगळे करतात तेच करत होतो ना आपण?" त्याचा राग मला अजून येतो, आणि तो वाईट हेतूने बोलला नव्हता हेही मला ठाऊक आहे.

बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आपण सगळ्यांनीच वाचल्या आणि हळहळलो. मग माझ्याच बाबतीत ती काढणे इतके साधे कसे वाटते?

काही महिने पेसरीवर, म्हणजे योनिमार्गात बसवून पिशवीला आधार देणाऱ्या कडीवर, काढल्यानंतर दुसऱ्या डॉक्टरांनी पिशवी राखून ती कटीतल्या मजबूत बंधाला टाक्यांनी बांधली आणि पुढची भिंत शिवली. आधारासाठी योनिमार्गातून बसवायच्या कृत्रिम जाळीची या दुखण्यासाठीची विक्री अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये थांबवली होती, म्हणून जाळीचे मी आधीच विचारून घेतले. त्यांनाही ती नकोच होती. शस्त्रक्रियेनंतर लघवीची नळी काढल्यावर लघवी होईना, म्हणून ती पुन्हा घालावी लागली. बसले की उजव्या कुल्ल्यात कळ येई, कारण टाके त्याच बाजूच्या बंधात होते. शौचाला जोर लागू नये म्हणून रोज रात्री इसबगोल घ्यायचे, आणि जड काही उचलायचे नाही म्हणून धाकटा पायाला मिठी मारून रडत असताना त्याला कडेवर घ्यायचे नाही. त्या काळात मीही अनेकदा मनात म्हटले की, एकदाची काढली असती तर बरे झाले असते.

शस्त्रक्रिया झाली की शरीर पहिल्यासारखे होईल, असे तेव्हा मी धरून चालले होते. तसे झालेले नाही. सलग तास घेतले की संध्याकाळी खाली जडपणा जाणवतो आणि सप्तशृंगीला मी पायऱ्यांऐवजी रोपवेने जाते. माझ्या जाऊबाईंनी पिशवी काढली, त्या ठणठणीत आहेत, आणि त्यांचा निर्णय चुकला असे मी कधीच म्हटलेले नाही. गेल्या तपासणीत पुढची भिंत किंचित उतरल्याचे डॉक्टरांनी सांगितले. पिशवी काढली असती तर ती उतरली नसती, असे मात्र त्याही म्हणाल्या नाहीत.