दहा मिनिटांचं मध्यंतर

गुड फ्रायडेच्या सामन्यानंतर नोंदवहीत मी लिहिलं: "३.४४, पूर्वेच्या बोळात रांग. दोन स्टुअर्ड पाठवले. ३.५३, बोळ मोकळा." (स्टुअर्ड म्हणजे सामन्याला गर्दी सांभाळणारी माणसं.) यातला शब्द न् शब्द खरा आहे. दहा दिवस झाले, तरी ती ओळ डोक्यातून जात नाही.

मी मूळची इचलकरंजीची. सध्या वेस्ट यॉर्कशायरमधल्या एका रग्बी लीग क्लबात सेफ्टी ऑफिसर आहे. आपल्याकडे रग्बी म्हटलं की पंधरा जणांचं रग्बी आठवतं. हे वेगळं. इथे तेरा गडी असतात आणि सहा पकडी झाल्या की चेंडू समोरच्यांना द्यायचा. दोन्ही रग्बींची फारकत झाली ती खाड्यावरून. शनिवारी सामना खेळायचा म्हणजे गिरणीत नाहीतर खाणीत खाडा पडायचा. तो खाडा भरून द्या, ही उत्तरेकडच्या क्लबांची मागणी होती आणि वरच्या साहेब लोकांना ती मान्य नव्हती. शेवटी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात या क्लबांनी वेगळी चूल मांडली. माझ्या वडिलांनी उभा जन्म यंत्रमागावर काढला. खाडा म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

आता त्या खाडेकऱ्यांच्या नातवंडा-पतवंडांना आम्ही 'मॅच डे एक्सपिरियन्स' देतो. हा शब्द आमच्या नव्या मुख्याधिकाऱ्यांनी आणला. ते हॉटेल व्यवसायातून आले आहेत. माणूस वाईट नाही, पण मैदान म्हणजे त्यांना छप्पर नसलेलं रेस्टॉरंट वाटतं. त्यांचंही एक खरं आहे. २०२५ च्या हंगामापासून सुपर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात, कोण खेळणार हे नुसत्या हार-जितीवर ठरत नाही. क्लबाला २० पैकी गुण मिळतात, १५ किंवा जास्त असले की 'ए' दर्जा. त्यात मैदानाचेही गुण असतात. त्यामुळे मोठा पडदा आला, मैदानाच्या कडेने एलईडी जाहिराती आल्या आणि पडद्याच्या उद्घाटनाला फीतही कापली. त्याच वर्षी मी पूर्वेकडच्या बाजूला बायकांची बारा शौचालयं करून घेतली होती. आधी तिथे दोन होती. आत जायला एक दार, बाहेर पडायला दुसरं, म्हणजे दारात कोंडी नाही. त्याला फीत नव्हती. असो.

बाहेरच्या माणसाच्या लक्षात येणार नाहीत अशा दोन गोष्टी सांगते. एक म्हणजे आमचं मध्यंतर दहा मिनिटांचं असतं. फुटबॉलवाल्यांना पंधरा मिळतात. या दहा मिनिटांत लघवी, चहा आणि पाय उरकायचे. (पाय म्हणजे मांसाचं सारण भरलेली कचोरी समजा, वर वाटाण्याचा लगदा. "इथे सामन्याला सगळे पाय खातात" असं मी फोनवर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "बोकडाचे? थंडीत बरे असतात.") दुसरं म्हणजे आमच्याकडे दोन्ही संघांचे लोक एकत्र उभे राहतात, मध्ये जाळी नाही की पोलीस नाहीत. आणि मध्यंतरात अर्धं टेरेस (गच्ची नव्हे, उभं राहून सामना बघायच्या पायऱ्या) जागा बदलतं. आपला संघ आता ज्या बाजूला चढाई करणार त्या टोकाला सगळे चालत निघतात. म्हणजे खाणारे, मुतणारे आणि चालणारे, सगळे एकाच दहा मिनिटांत, पूर्वेच्या टेरेसमागच्या एकाच बोळात.

तो बोळ दोन मीटर रुंद आहे. आमच्या धंद्यात 'ग्रीन गाइड' नावाचं पुस्तक आहे, त्याच्यावरच आमचं पोट चालतं. त्यात हिशोब दिलाय: सपाट जमिनीवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं जातात. दोन मीटरमधून १६४. बाहेर पडायला जास्तीत जास्त आठ मिनिटं धरायची, म्हणजे १,३१२. तेवढे लोक मी त्या टेरेसवर उभे करू शकते. आता याच बोळात चहाची टपरी होती आणि तिच्यापुढची रांग बोळाचा अर्धा भाग अडवायची. उरला एक मीटर, म्हणजे ६५६ माणसं. वर टपरीत गॅसचा सिलिंडर.

म्हणून डिसेंबरात ती टपरी मी बंद केली. मुख्याधिकाऱ्यांनी नाही, मी. ती तीन म्हाताऱ्या बायका चालवायच्या, पगार नाही, नफा सगळा ज्युनियर संघाला. थोरली अठ्ठ्याहत्तर वर्षांची. मी कागद घेऊन समजवायला गेले तेव्हा तिने ८२ चा हिशोब नीट ऐकून घेतला आणि म्हणाली, "लव्ह, इतकी वर्षं मी इथे आहे, कुणी चहाने मेलं नाही." मी ब्रॅडफर्डचं नाव काढलं. ११ मे १९८५, फुटबॉलचा सामना, लाकडी स्टँडखाली साठलेल्या कचऱ्याला आग लागली, मागची दारं कुलूपबंद, ५६ माणसं गेली. आमच्या मैदानापासून गाडीने अर्ध्या तासावर. ती गप्प झाली. सिलिंडर त्याच दिवशी गेला, पण टपरीची किल्ली मी तिच्याकडून मागून घेतली नाही. मागायला हवी होती.

टपरीच्या जागी कोपऱ्यावरच्या मोकळ्या पटांगणात चार चकचकीत स्टॉल आले. रोख नाही, फक्त कार्ड. मशीनची चाचणी झाली मंगळवारी सकाळी अकरा वाजता, तेव्हा मैदानावर मी, एक इलेक्ट्रिशियन आणि रोलर फिरवणारा माळी. मोबाइलच्या सिमवर चालणाऱ्या मशीनची चाचणी रिकाम्या मैदानात घेणं म्हणजे पोहायची परीक्षा कोरड्या विहिरीत घेणं. तेव्हा मी हे बोलले नाही. पुरवठादाराचा माणूस छान बोलत होता आणि मला दुपारी दुसरी मीटिंग होती.

गुड फ्रायडे म्हणजे शेजारच्या गावाशी सामना. नेहमीच्या तिप्पट गर्दी, बोचरा वारा. साडेतीनच्या सुमाराला मोबाइलचं नेटवर्क बसलं. कंट्रोल रूमच्या कॅमेऱ्यात स्टॉलवरची पोरं मशीन डोक्यावर धरून गोल फिरताना दिसत होती. मागे गरम पेटीत पाय रचलेले, पुढे लोकांच्या हातात नोटा, आणि पैसे घ्यायला गल्लाच नाही. मध्यंतराची शिट्टी झाली. रेडिओवर आवाज आला, "कंट्रोल, पूर्वेची टपरी उघडलीय. विजेच्या किटल्या लावल्यात. बिस्किटाच्या डब्यात पैसे घेतायत. बंद करायला लावू?"

स्टॉलवरचे सुद्धा पाय उचलून टपरीत नेले होते. कुणी नेले ते मला आजही कुणी सांगत नाही.

आम्ही गर्दीकडे बघतो म्हणजे डोक्यांकडे बघतो. डोकी पुढे सरकत असली की ठीक. डावी-उजवीकडे झुलायला लागली की लोक बोटभर पावलं टाकतायत, म्हणजे दाटी झालीय. आणि डोकी थांबली की तुमच्या हातात वेळ उरलेला नसतो. बोळात ती आधी झुलली, मग टपरीच्या कोपऱ्यावर थांबली. निळी लोकरी टोपी घातलेला एक माणूस, खांद्यावर पोरगी, पोरीच्या हातात पायची पुडी. तो माणूस आणि टपरीचा पत्रा यांत जागाच नव्हती. मी मनात आकडे मोजत होते. सव्वीसपर्यंत मोजले.

मग मी म्हणाले, "बंद करू नका. रांग भिंतीला लावा. मैदानाकडचं तीन नंबरचं फाटक उघडा, टोक बदलणाऱ्यांना कडेच्या पट्टीवरून जाऊ द्या."

मैदानाकडून लोक वाहायला लागले तशी टोपी हलली. एका पोराच्या मनगटावर चहा सांडला. प्रथमोपचारवाल्यांनी गार पाण्याखाली हात धरला, फोड आला नाही. ३.५३ ला बोळ रिकामा.

नंतरच्या बैठकीत मी सांगितलं की टपरी त्या क्षणी बंद केली असती तर दोनशे उपाशी, चिडलेली माणसं उलटी वळून समोरच्या गर्दीत घुसली असती, आणि ते जास्त वाईट झालं असतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. युक्तिवाद पुस्तकात बसतो. पण तो मी त्या सव्वीस आकड्यांत केला, की बैठकीच्या आदल्या रात्री भांडी घासताना रचला, हे मला खरंच सांगता येत नाही. त्या क्षणी डोळ्यांपुढे ८२ नव्हता. थोरलीचे हात होते, लाल झालेले, भराभर कप मांडणारे. आणि डिसेंबरात मी तिला गप्प केलं होतं, ते.

मुख्याधिकाऱ्यांची तक्रार वेगळीच होती. कडेच्या पट्टीवरून लोक गेल्यामुळे प्रक्षेपणात प्रायोजकांची एलईडी पाटी सहा मिनिटं झाकली गेली. लोक म्हणे "खूप जुन्यासारखं वाटलं" असं कळवतायत, हे त्यांनीच त्याच बैठकीत, जरा गोंधळून, वाचून दाखवलं.

आता पालिकेच्या सुरक्षा सल्लागार गटापुढे नोंदवही जाईल. त्यांनी विचारलं तर सांगेन. नाही विचारलं तर काय करायचं, हे ठरलेलं नाही. टपरी पटांगणात हलवायचा आराखडा मी काढलाय, वीज कुठून आणायची तेवढं अडलंय. थोरली म्हणते, पटांगणात वारा लागतो, तिथे चहा गार होईल.

बिस्किटाचा डबा माझ्या कपाटात आहे. ३१२ पौंड ४० पेन्स, मी दोनदा मोजले. लेखापाल रोज विचारतो की हे पैसे कुठल्या खात्यावर घ्यायचे, कारण नव्या सॉफ्टवेअरमध्ये रोखीचा रकाना काढून टाकलाय.