मोठे टायर, इंजिन तेच

२७ इंची काढून आज २९ इंची टायर चढवले. गाडी दिसतेय झकास, पण छोट्या इंजिनाला चढावर धाप लागते. जिथे दुसऱ्या गिअरवर आरामात जायची, तिथे आता पहिला टाकावा लागतो. साहजिकच आहे म्हणा, व्यास सात टक्क्यांनी वाढला की गिअरिंगही तेवढंच उंच होतं, म्हणजे इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त अंतर कापते, पण ओढ कमी पडते. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६४च्या आसपास पळत असते! आणि एवढं करून ग्राउंड क्लिअरन्स वाढला फक्त एक इंच. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचा डावा टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला खर्रर्र घासतो. काळा पट्टाच उमटलाय तिथे. कमी पडलेल्या ओढीवर खरा इलाज म्हणजे डिफरन्शियलचा (इंजिनाची ताकद चाकांना वाटणाऱ्या गिअरपेटीचा) रेशो बदलणं, पण ते काम खिशाला जड. तोवर दगडधोंड्यांत लो रेंज (गाडीतले जादा ओढीचे, हळू गिअर) जिंदाबाद. उद्या आधी ब्रेक बघणार, जड चाक थांबवायलाही जोर लागतो.