तुम्ही विचारलंत म्हणून: शिक्का रबरी, मग भांडण कशाचं?

"राष्ट्रपती हा घटनात्मक प्रमुख असतो, प्रत्यक्ष सत्ता मंत्रिमंडळाकडे असते." तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवताना हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, त्याची गणती नाही. आणि दर दोन-तीन वर्षांनी एखादं पोरगं मागच्या बाकावरून विचारायचंच, "मग सर, १९६९ साली राष्ट्रपतीपदाच्या उमेदवारावरून काँग्रेस फुटली कशी?"

आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण प्रश्न काही निवृत्त झाला नाही. लग्नाच्या पंगतीत येतो, एसटी स्टँडवर येतो. राज्यात अलीकडे लागोपाठ दोन पक्ष फुटलेले पाहिल्यापासून तर जास्तच. परवा एका जुन्या विद्यार्थ्याने, जो आता स्वतः पंचायत समितीचा सदस्य आहे, फोन करून विचारलं. म्हटलं, एकदा लिहूनच टाकतो.

खरं तर वर्गात मी या प्रश्नाचं उत्तर चुकवत असे. "इंदिराबाई विरुद्ध सिंडिकेट, वर्चस्वाचा झगडा" असं म्हणून पुढच्या धड्याकडे वळायचो. (सिंडिकेट म्हणजे काँग्रेसमधल्या जुन्या, वजनदार पुढाऱ्यांचा गट.) ते खोटं नव्हतं, पण पुरेसंही नव्हतं. वर्चस्वासाठी भांडायला इतर शंभर कारणं होती. नेमकं हेच पद का?

तेव्हा मी बारा वर्षांचा. आमचं गाव कराडच्या बाजूचं आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, काँग्रेसचे कार्यकर्ते. कार्यकर्ते म्हणजे सभेच्या सतरंज्या घालणारे आणि मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्या माणसांना बैलगाडीतून शाळेपर्यंत आणणारे. आमच्या घराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर गेरूने काढलेली बैलजोडी, काँग्रेसचं तेव्हाचं चिन्ह, होती. निवडणूक असो नसो, ती पुसली जात नसे. पावसाने फिकट झाली की अण्णा परत गिरवून घ्यायचे.

३ मे १९६९ ला राष्ट्रपती झाकीर हुसेन गेले. पदावर असताना वारलेले ते पहिलेच राष्ट्रपती. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले आणि पुढचा उमेदवार कोण, यावर दिल्लीत खल सुरू झाला. जुलैत बंगळूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. तिथे इंदिराबाईंनी आर्थिक धोरणाचं एक टिपण पाठवलं, त्यावर वाद झाला, मग समझोत्याचा ठराव झाला. त्यात यशवंतराव चव्हाणांनी पुढाकार घेतला होता. इथवर साहेब इंदिराबाईंच्या बाजूला दिसत होते. (आमच्याकडे 'साहेब' म्हटलं की एकच माणूस.)

दुसरा विषय निघाला उमेदवाराचा. पक्षाच्या संसदीय मंडळात, म्हणजे उमेदवार ठरवणाऱ्या समितीत, इंदिराबाईंनी जगजीवनराम यांचं नाव पुढे केलं. गांधीजींच्या जन्मशताब्दीचं वर्ष, त्या वर्षी दलित समाजातला राष्ट्रपती, असा तो मुद्दा होता. कामराज, मोरारजी, स. का. पाटील या मंडळींना हवे होते लोकसभेचे सभापती नीलम संजीव रेड्डी. मत घेतलं गेलं आणि चव्हाणांनी रेड्डींच्या पारड्यात टाकलं. रेड्डी उमेदवार ठरले.

आमच्या घरात त्या दिवसांत फार गंमत झाली. मुंबईहून मामा आला होता. मामा गोदीत कामाला, दोन वर्षांपूर्वी जॉर्ज फर्नांडिसांना मत देऊन स. का. पाटलांना पाडणाऱ्यांपैकी एक, आणि त्याचा अभिमान कपाळावर लिहून हिंडणारा. तो अण्णांना म्हणाला, "दाजी, ज्याला आम्ही मुंबईत पाडलं, त्याच्या पंक्तीला तुमचे साहेब जाऊन बसले!" अण्णा ताटावरून उठले नाहीत, पण बोललेही नाहीत. अण्णा गप्प बसले म्हणजे त्यांना स्वतःलाही पटलेलं नाही, हे आईला कळायचं. ती वाढत राहिली.

पुढचं सगळं इतक्या झटपट झालं की तारखा मी अजून बोटांवर सांगतो. १६ जुलैला इंदिराबाईंनी मोरारजींचं अर्थखातं काढून घेतलं. १९ जुलैला वटहुकूम काढून चौदा बँका राष्ट्रीय केल्या. त्या वटहुकुमावर सही हंगामी राष्ट्रपती गिरींची. दुसऱ्या दिवशी, २० जुलैला, गिरींनी पद सोडलं आणि ते अपक्ष म्हणून रिंगणात उतरले. आता राष्ट्रपतीही नाही आणि उपराष्ट्रपतीही नाही, म्हणून सरन्यायाधीश हिदायतुल्ला महिनाभर हंगामी राष्ट्रपती झाले. ते नागपूरला शिकलेले, तिथेच वकिली केलेले आणि तिथल्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. विदर्भातला विद्यार्थी वर्गात असला की मी हे मुद्दाम सांगायचो.

रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून सही कुणाची होती? खुद्द इंदिरा गांधींची. सही करायची आणि मग त्याच उमेदवाराला पाडायला निघायचं! माझ्या मते त्या साऱ्या प्रकरणात हीच गोष्ट सगळ्यांत अवघड आहे, आणि इंदिराबाईंच्या चाहत्यांनी ती कधी नीट पचवलेली नाही.

पण त्यांना निमित्त हातात दिलं ते पक्षाध्यक्ष निजलिंगप्पांनी. मैदानात तिसरा उमेदवार होता, जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष यांचा. तो कोण, तर आपले चिंतामणराव देशमुख! रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नेहरूंचे अर्थमंत्री, आणि १९५६ साली मुंबई महाराष्ट्राला देत नाहीत म्हणून राजीनामा देणारे. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत खासदार-आमदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात. देशमुखांना पहिल्या पसंतीची मतं देणाऱ्यांनी दुसरी पसंती रेड्डींना द्यावी, म्हणून निजलिंगप्पा त्या दोन पक्षांच्या नेत्यांशी बोलले. झालं. इंदिराबाईंच्या गोटाने ओरड केली की हे लोक उजव्यांशी हातमिळवणी करून सरकार बदलायला निघालेत. पक्षादेश काढा, असा अध्यक्षांचा आग्रह. इंदिराबाईंनी तो काढला नाही. जगजीवनराम आणि फक्रुद्दीन अली अहमद यांनी मोकळ्या मतदानाची मागणी केली, आणि शेवटी ज्याने त्याने सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यावं, असं इंदिराबाईंनीच सांगितलं. 'आतला आवाज' हा शब्द आमच्या गावात तेव्हा आला. पुढे सोसायटीच्या निवडणुकीत पॅनेल फोडणाराही आतला आवाज ऐकू आल्याचं सांगू लागला.

इथे थोडं गणित सांगतो, कारण उत्तराचा अर्धा भाग त्यात आहे. १६ ऑगस्टला मतदान झालं, २० ऑगस्टला मोजणी. उमेदवार पंधरा. प्रत्येक खासदार-आमदाराच्या मताला ठरावीक मूल्य असतं. जिंकायला एकूण ४,१८,१६९ इतकं मतमूल्य हवं होतं. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९. कुणालाच पुरेसं नाही. मग खालचे उमेदवार एकेक करून बाद करत त्यांच्या मतपत्रिकांवरच्या पुढच्या पसंती वाटल्या गेल्या. शेवटी गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७.

दुसऱ्या पसंतीचा निजलिंगप्पांचा हिशेब चुकला नव्हता. वाटपात रेड्डींना ९१ हजारांहून जास्त मिळालं, गिरींना साडेअठरा हजार. परक्या घरातून जे मागितलं ते बहुतेक मिळालं. गेलं ते स्वतःच्या घरातलं. आणि तेही किती थोडक्यात! त्या वर्षी एका खासदाराच्या मताचं मूल्य ५७६ होतं. गिरींकडचे तेरा खासदार रेड्डींकडे वळले असते तरी निकाल उलटा लागला असता. वर्गात हा भागाकार मी पोरांकडून करून घ्यायचो. तेरा हा आकडा आला की वर्ग शांत व्हायचा.

निवडणूक घाणेरडीही झाली होती, तेही सांगायला हवं. रेड्डींच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणारं एक निनावी पत्रक खासदारांमध्ये वाटलं गेलं. त्यावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि पदावर असलेले राष्ट्रपती गिरी तिथे साक्षीदार म्हणून उभे राहिले. याचिका फेटाळली गेली, पण ते पत्रक खोटं ठरवायला रेड्डींना कुठली निवडणूक परत मिळणार होती?

आता मूळ प्रश्न. रेड्डी हे काही वादग्रस्त गृहस्थ नव्हते. आंध्रचे मुख्यमंत्री राहिलेले, लोकसभेचे सभापती. वाद त्यांच्यात नव्हता, त्यांना कुणी आणलं यात होता. आणि हे पद रबरी शिक्क्याचं असलं, तरी तो शिक्का एका दिवशी रबरी नसतो.

तो दिवस कोणता? लोकसभेत कुणालाच स्पष्ट बहुमत नसतं आणि पंतप्रधान म्हणून कुणाला बोलवायचं हे ठरवायचं असतं, तो. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालायचं म्हणता, पण मंत्रिमंडळच नसेल तर सल्ला द्यायचा कुणी? त्या दिवशी घटनेतलं "पंतप्रधानाची नेमणूक राष्ट्रपती करील" हे वाक्य जिवंत होतं. नेहरूंच्या काळात त्या दिवसाची कुणाला धास्ती नव्हती. १९६२ साली काँग्रेसच्या ३६१ जागा होत्या. पण १९६७ साली ५२० पैकी २८३ उरल्या आणि कितीतरी राज्यं हातची गेली. पुढची लोकसभा त्रिशंकू येईल, असं सगळे धरून चालले होते. तेव्हा राष्ट्रपती भवनात बसलेला माणूस मोरारजींना बोलावणार की इंदिराबाईंना, हा खरा सौदा होता. आज पद भरताना दोन्ही बाजूंच्या डोळ्यांपुढे तो उद्याचा दिवस होता. म्हणून बँका, समाजवाद, आतला आवाज, सगळं त्या एका खुर्चीभोवती गोळा झालं.

फूट पडली ती पुढे नोव्हेंबरात. पक्षाने इंदिराबाईंना काढून टाकलं, त्यांनी पक्षच नेला. चव्हाणांनी मध्ये ऐक्याची खटपट करून पाहिली आणि अखेर ते इंदिराबाईंबरोबर गेले. 'कुंपणावरचे' हे विशेषण मात्र चिकटलं ते चिकटलंच. बैलजोडी गोठवली गेली. १९७१ च्या निवडणुकीला अण्णांनी भिंत खरवडून तिथे इंदिराबाईंच्या पक्षाचं नवं चिन्ह, गाय-वासरू, काढून घेतलं. रंगाऱ्याला बैल सवयीचे होते, त्यामुळे आमच्या गायीला वशिंड जरा मोठंच आलं. त्या निवडणुकीत ३५२ जागा आल्या, सिंडिकेटकडे उरल्या सोळा. त्रिशंकूची भीती हवेत विरली आणि गिरींना तो दिवस कधी पाहावाच लागला नाही.

धडा इथेच संपवला असता तर माझं उत्तर नुसता तर्क ठरलं असतं. पण तो दिवस आला. दहा वर्षं उशिरा, आणि सगळी जुनीच माणसं घेऊन आला.

१९७७ साली तेच संजीव रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती झाले. जुलै १९७९ मध्ये मोरारजींच्या जनता सरकारवर अविश्वासाचा ठराव आला. तो मांडणारे विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण, तोवर इंदिराबाईंपासून वेगळे झालेले. मोरारजींनी राजीनामा दिला. बहुमत कुणाकडेच नाही. रेड्डींनी सरकार बनवण्यासाठी पहिल्यांदा बोलावलं ते चव्हाणांना.

मी तेव्हा कोल्हापूरला शिकत होतो. बातमी कळली तशी एसटी पकडून घरी आलो, कारण असल्या बातमीच्या वेळी घरीच असलं पाहिजे असं वाटलं. गावात माणसं चावडीसमोर रेडिओ मांडून बसली होती. काही जण म्हणत होते, साहेबांनी बंगळूरला दिलेल्या मताची ही परतफेड. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. सरकार पडलं की विरोधी पक्षनेत्याला आधी विचारायचं, ही साधी रीत आहे. पण चार दिवस आमच्या भागात कुणी दुसरं काही बोललं नाही. मग चव्हाणांनी जमत नसल्याचं कळवलं. चरणसिंग पंतप्रधान झाले, साहेब उपपंतप्रधान. इंदिराबाईंनी पाठिंबा काढला आणि लोकसभेला सामोरं न जाताच चरणसिंगांनी राजीनामा दिला. तारीख २० ऑगस्ट. गिरींच्या निकालाला बरोबर दहा वर्षं.

आता जनता पक्षाचा नेता रांगेत उभा होता आणि आपल्याला बोलवा म्हणत होता. तो नेता जगजीवनराम. बंगळूरला ज्यांचं नाव रेड्डींच्या विरोधात पुढे आलं होतं, तेच. रेड्डींनी त्यांना बोलावलं नाही. २२ ऑगस्टला लोकसभा बरखास्त केली.

त्या रात्री मामा पुन्हा आमच्याकडे होता. अण्णांना चिडवायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं आणि अण्णांकडे उत्तर द्यायला. पाऊस उघडल्यावर अण्णांनी रंगाऱ्याला बोलावून भिंतीवरची गाय पुसून घेतली आणि पांढरा चुना मारून घेतला. रंगाऱ्याने विचारलं, आता कुठलं चिन्ह काढू? अण्णा म्हणाले, "राहू दे तशीच."